खेळ संपल्यावर गाव वसतं का? – लंडनच्या ऑलिंपिक पार्कची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी ओघ तसाच ठेवला आहे.)

आजच्या भागात पाहुणा नाही, मी एकटाच आहे. गेले काही महिने एक विषय डोक्यात घोळतोय, तो आज तुमच्यासमोर मांडतो.

सुरुवात घराजवळून करतो. मी बालेवाडीला राहतो. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, त्यासाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. मी तेव्हा शाळेत होतो. बाबांच्या स्कूटरवरून ती बघायला आलो होतो, आणि 'किती लांब आणलंत!' म्हणून कुरकुर केली होती. आजूबाजूला शेतं होती. आज त्याच बाजूला उंच इमारती आहेत, पुढे हिंजवडी आहे, आणि संध्याकाळी सहाला तिथून गाडी काढायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. क्रीडानगरी आहे, कंपन्या आहेत, घरं आहेत. पण या तिघांचा एकमेकांशी विचार करून कुणी मेळ घातला होता का? मला तरी तसं दिसत नाही. जे झालं ते आपोआप, शेजारी-शेजारी होत गेलं.

आता हा विषय आजच का, तर २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे नक्की झालंय आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इच्छा कळवली आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्याकडे मोठमोठी मैदानं, खेळाडूंची वसाहत, माध्यमांसाठी केंद्रं असं बरंच काही बांधलं जाईल. आणि प्रत्येक सादरीकरणात एक वाक्य हमखास असेल: 'स्पर्धेनंतर इथे तंत्रज्ञानावर आधारित आधुनिक वसाहत उभी राहील.'

हे वाक्य खरं करून दाखवायचा जगातला बहुधा सगळ्यात गंभीर प्रयत्न लंडनने केला. आणि योगायोगाने त्या वसाहतीत मी काही वर्षं काम केलंय, थोडा काळ राहिलोही आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यात थोडा इतिहास आहे, थोडं कौतुक आहे, आणि एक गोष्ट अशी आहे जी सांगताना मला आजही जरा अवघडल्यासारखं होतं.

आधी तिथे काय होतं?

६ जुलै २००५. सिंगापूरला मतदान झालं आणि लंडनने पॅरिसला ५४ विरुद्ध ५० मतांनी हरवलं. लंडनच्या प्रस्तावाचा गाभा खेळ हा नव्हताच. 'पूर्व लंडनचा एक दुर्लक्षित, गरीब भाग आम्ही कायमचा बदलून टाकू' हे त्यांचं सांगणं होतं.

हा भाग म्हणजे स्ट्रॅटफर्डजवळचं ली नदीचं खोरं. शंभर-दीडशे वर्षांच्या कारखान्यांनी नासवलेली जमीन. विजेचे मोठे मनोरे, भंगार, आणि टाकून दिलेल्या फ्रिजचा अक्षरशः डोंगर. ५२ मनोरे काढून तारा सहा किलोमीटर लांबीच्या दोन बोगद्यांतून जमिनीखाली नेल्या. दोनशेहून जास्त इमारती पाडल्या. माती तेलाने, रसायनांनी इतकी खराब होती की ती उपसून, मोठ्या यंत्रांत धुऊन परत टाकली. तिथले लोक त्या जागेला 'मातीचं हॉस्पिटल' म्हणायचे!

पण एक लक्षात घ्या. 'दुर्लक्षित' म्हणजे 'रिकामा' नव्हे. तिथे छोटे कारखाने चालू होते, गॅरेजं होती, भाजीपाल्याचे वाफे होते. क्लेज लेन नावाची एक सहकारी गृहवसाहत होती, तिथे चारशेहून अधिक लोक राहायचे. ती पाडली. सक्तीचं भूसंपादन झालं. आपल्याला हा शब्द काही नवा नाही.

आणि दुसरी गंमत. या भागाला तंत्रज्ञान नवीन नव्हतं. जगातलं पहिलं मानवनिर्मित प्लास्टिक, पार्केसाइन, १८६६ च्या सुमाराला याच भागात, हॅकनी विकमध्ये, कारखान्यात बनायला लागलं. 'पेट्रोल' हे नाव बाजारात रुळवलं ते इथल्याच एका तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीने. आणि लहानपणी आपण ज्यांच्यासाठी हट्ट करायचो त्या मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्या? त्यांचा कारखानाही इथलाच. हे मॅचबॉक्स लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

जे उरणार तेच पक्कं बांधायचं

लंडनने एक गोष्ट खरोखर शहाणपणाची केली. स्पर्धेच्या आराखड्याबरोबरच स्पर्धेनंतरचा आराखडाही तयार केला. प्रत्येक वास्तूबद्दल प्रश्न विचारला: ही पुढे कुणाला लागणार आहे? नसेल लागणार तर ती तात्पुरती बांधा.

उदाहरणं बघा. बास्केटबॉलचं मैदान आख्खं तात्पुरतं होतं, स्पर्धा संपली आणि ते उचललं. झाहा हदीद यांनी डिझाइन केलेल्या जलतरण केंद्रात स्पर्धेच्या वेळी १७,५०० प्रेक्षक बसत होते. दोन्ही बाजूंना जोडलेले 'पंख' नंतर काढून टाकले आणि राहिल्या साधारण २,५०० जागा. मार्च २०१४ पासून तिथे सामान्य माणसं तिकीट काढून पोहायला जातात. मीही गेलोय. जिथे मायकेल फेल्प्स पोहला त्या पाण्यात माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक आजीबाई शांतपणे पोहत होत्या, आणि माझ्यापेक्षा वेगात!

पूलसुद्धा तसेच. गर्दीसाठी रुंद बांधलेल्या पुलांचे जादाचे भाग नंतर काढून घेतले. हॉकीचं मैदानही तात्पुरतं होतं. तिथे आपण त्या वर्षी बाराव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर आलो, ते जाऊ द्या. पण जाता जाता सांगतो: २०१२ ला भारताला सहा पदकं मिळाली आणि त्यातलं एकही या पार्कात मिळालं नाही. नेमबाजी वुलिचला, बॅडमिंटन वेंब्लीला, बॉक्सिंग आणि कुस्ती एक्सेलला होती.

याउलट दक्षिण कोरियात प्योंगचांगला २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी ३५,००० आसनांचं स्टेडियम बांधलं, उद्घाटन-समारोपाचे चार कार्यक्रम केले आणि पाडून टाकलं. एका अर्थाने तोही प्रामाणिकपणाच. रिओमध्ये मात्र खेळाडूंसाठी ३,६०४ फ्लॅट बांधले आणि स्पर्धा संपल्यावर त्यांना गिऱ्हाईक मिळेना.

सगळ्यात कुरूप इमारतीचं नशीब

आता येतो मुद्द्यावर. ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला दिसतं स्टेडियम. पण जगभरात तो खेळ दाखवायला आणखी एक वास्तू लागते. लंडनमध्ये त्यासाठी दोन इमारती होत्या: पत्रकारांचं केंद्र आणि प्रक्षेपण केंद्र. तिथून साधारण वीस हजार पत्रकार, छायाचित्रकार, तंत्रज्ञ चोवीस तास काम करत होते. प्रक्षेपण केंद्र २७५ मीटर लांब, १०४ मीटर रुंद आणि २१ मीटर उंच. खिडक्या जवळपास नाहीतच. आपल्याकडच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजला दहा-वीसपट मोठं करा, तसं.

स्पर्धेनंतर याचं करायचं काय, यावर बरीच डोकेफोड झाली. उद्यानाच्या कडेला, कालव्याजवळ, मेट्रोपासून जरा लांब असलेला पत्र्याचा डबा. कोण येणार?

पण या डब्यात एक खजिना होता आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता. जगभर चित्रं पाठवायची म्हणून तिथे प्रचंड क्षमतेची वीज आलेली होती. फायबरच्या केबल आलेल्या होत्या. जाड जमीन, उंच छत, अवजड यंत्रं थंड ठेवायची सोय. म्हणजे एखाद्या डेटा सेंटरला, स्टुडिओला, प्रयोगशाळेला जे हवं असतं ते सगळं आयतं हजर. आणि डेटा सेंटरला खिडक्या लागतातच कुठे?

स्पर्धेच्या वर्षीच एक प्रस्ताव पुढे आला. डेटा सेंटर चालवणारी कंपनी आणि मालमत्ता विकसित करणारी कंपनी एकत्र आल्या. पुढे या जागेचं नाव पडलं 'हिअर ईस्ट'. एकूण जागा साधारण १२ लाख चौरस फूट. ऑगस्ट २०१३ मध्ये बीटी स्पोर्ट या वाहिनीचे स्टुडिओ तिथून सुरू झाले. २०१५ मध्ये लफबरो विद्यापीठाने आपला लंडनचा विभाग तिथे आणला. डेटा सेंटर आलं. २०१७ मध्ये 'प्लेक्सल' नावाचं स्टार्टअपसाठीचं केंद्र सुरू झालं. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशातून सायबर सुरक्षेतल्या नव्या कंपन्यांना मदत करणारा उपक्रम प्लेक्सलमध्ये आला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा आल्या. वेन मॅकग्रेगर या नृत्यदिग्दर्शकाचा स्टुडिओही आला.

थांबा, नृत्य? तंत्रज्ञानाच्या वसाहतीत नृत्य कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण एकच एक धंदा असला की ती आयटी पार्क होते: सकाळी नऊला भरते, संध्याकाळी सातला ओस पडते. इथे नर्तक, विद्यार्थी, कॅमेरावाले, प्रोग्रॅमर सगळे एकाच कॅन्टीनच्या रांगेत. प्रक्षेपण केंद्राच्या मागच्या अंगाला एसीची यंत्रं ठेवायला लोखंडी सांगाडा उभा केला होता. तोही पाडला नाही. त्याच्यात कलाकारांसाठी, कारागिरांसाठी २१ छोटे लाकडी स्टुडिओ बसवले, आणि त्यांची रूपं त्या भागाच्या इतिहासावरून घेतली. भंगारात जाणारी गोष्ट वस्तीचा चेहरा झाली.

आणि अगदी अलीकडची गोष्ट: ३१ मे २०२५ ला याच इमारतीच्या एका भागात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं भांडार लोकांसाठी मोफत खुलं झालं. अडीच लाखांहून जास्त वस्तू. आधी नोंद करून तुम्ही त्यातल्या पाच वस्तू मागवून जवळून बघू शकता. तिथे आग्र्याच्या किल्ल्यातले मुघलकालीन संगमरवरी खांबसुद्धा आहेत. ते तिथे काय करतायत, यावर एक वेगळा भाग करावा लागेल!

वटवाघळं मोजणारे डबे

मी तिथे २०१७ च्या शेवटी पोचलो. पुण्याच्या एका कंपनीने मला लंडनच्या गिऱ्हाइकाकडे पाठवलं होतं, आणि त्यांचं ऑफिस हिअर ईस्टमध्ये. काम साधं, नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळायचं. बऱ्याचदा रात्रपाळी.

एकदा संध्याकाळी कामावर जाताना उद्यानात दिव्याच्या खांबावर एक डबा दिसला. मला वाटलं सीसीटीव्ही. चौकशी केली तर ते होतं वटवाघळं ऐकणारं यंत्र! वटवाघळांचा आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. विद्यापीठातल्या आणि इंटेलच्या संशोधकांनी मिळून असे १५ डबे २०१७ मध्ये उद्यानात बसवले होते. डब्यातलाच छोटा संगणक आवाज ओळखायचा आणि हे वटवाघूळ आहे की नाही ते ठरवायचा. आपण काय बोलतोय ते मात्र कुठे पाठवत नव्हता.

मला ते फार आवडलं. कारण 'स्मार्ट सिटी' म्हटलं की आपल्याकडे कॅमेरे, मोठा पडदा आणि कंट्रोल रूम. इथे मात्र प्रश्न होता, 'ही धुऊन काढलेली माती, ही नवी झाडं, यांच्यात जीव परत आलाय का?' आणि त्याचं उत्तर मिळवायला तंत्रज्ञान. आधी प्रश्न, मग यंत्र. उलटं नाही.

बेन आणि त्यांचा नातू

आता ती अवघड गोष्ट.

सुरुवातीला मी फॉरेस्ट गेटला एका गुजराती आजींकडे खोली घेऊन राहत होतो. सगळे त्यांना बेन म्हणायचे, मीही बेनच म्हणायचो. १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्यावर त्या नवऱ्याबरोबर दोन सुटकेस घेऊन आल्या होत्या. ग्रीन स्ट्रीट जवळच. साड्यांची, सोन्याची दुकानं, फरसाण, सगळं मिळायचं. मी मराठी, त्या गुजराती, आमची भाषा म्हणजे हिंदीची भेळ.

एकदा मी मोठ्या उत्साहात सांगत होतो, 'बेन, माझं ऑफिस एकदम नव्या जागी आहे, सगळं टेक्नॉलॉजीचं.' त्यांनी जागा विचारली. मी सांगितली. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, 'तिथेच शेजारी मी दहा वर्षं काम केलं. मॅचबॉक्सच्या गाड्यांना चाकं बसवायचे. तीसुद्धा टेक्नॉलॉजीच होती, बेटा.' तो कारखाना चालवणारी लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली. बेनना घरी बसवलं. त्यानंतर त्या भागात कायमचं काम त्यांना कधी मिळालं नाही.

त्यांचा नातू तेव्हा एकोणीस वर्षांचा. हुशार पोरगा, घरातले सगळे मोबाइल तोच दुरुस्त करायचा. तो सायकलवरून रोज हिअर ईस्टच्या बाजूने जायचा. मी विचारलं, 'आत आलास कधी?' तर म्हणाला, 'मला वाटलं कार्ड लागतं.' खरं तर कालव्याकडची दुकानं, कॅफे, अंगण सगळ्यांसाठी खुलं आहे. फाटकही नाही. पण बघा, तिथे कुणी अडवत नव्हतं तरी त्याला आत जावंसं वाटलं नव्हतं. ती जागा आपली नाही, हे त्याला न सांगताच कळलं होतं.

मी त्याला एक दिवस घेऊन गेलो. आमच्याकडे एक जागा निघाली होती, त्यासाठी त्याचा अर्जही दिला. परत आला. पदवी नाही, अनुभव नाही. त्याच महिन्यात ती जागा भारतातून माझ्यासारखाच एक जण आणून भरली. मी त्याला काम शिकवलं. चांगला मुलगा होता, कोल्हापूरचा. त्याची काहीच चूक नव्हती. पण त्या दिवशी घरी गेल्यावर बेनकडे बघवेना.

पुढच्या वर्षी मी खेळाडूंच्या वसाहतीत, म्हणजे ईस्ट व्हिलेजमध्ये, एका सहकाऱ्याबरोबर फ्लॅट घेतला. ऑफिस चालत पंधरा-वीस मिनिटांवर. वसाहतीत २,८१८ घरं. स्पर्धेच्या वेळी त्यांत स्वयंपाकघरंच नव्हती, खेळाडू मोठ्या भोजनगृहात जेवायचे. नंतर स्वयंपाकघरं घातली. शाळा, दवाखाना, बागा, सगळं छान. पत्ता ई २०. 'ईस्टएंडर्स' या टीव्ही मालिकेतल्या काल्पनिक वस्तीचा हा पिनकोड होता, तो २०११ मध्ये खऱ्या वस्तीला मिळाला! निम्मी घरं परवडणारी म्हणून ठेवली होती, म्हणजे १,३७९. हे इतर अनेक शहरांपेक्षा पुष्कळच बरं. पण 'परवडणारी' या शब्दात बरंच काही दडलेलं असतं. त्यातला काही भाग खऱ्या अर्थाने कमी भाड्याचा, बाकीची घरं बाजारभावापेक्षा थोडी स्वस्त. आणि बाजारभावच आभाळाला भिडलेला असेल, तर 'थोडी स्वस्त' म्हणजे काय?

आमच्या फ्लॅटचं भाडं अर्थातच बाजारभावाचं. दोघांत वाटूनसुद्धा माझ्या पगाराचा मोठा हिस्सा जायचा. पण आम्ही देऊ शकत होतो. आणि आम्ही देऊ शकत होतो म्हणून भाडं तेवढं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

२०१३ मध्ये, म्हणजे स्पर्धेनंतर वर्षभरात, याच न्यूहॅम भागातल्या एका वसतिगृहातल्या तरुण आयांना घर सोडायच्या नोटिसा आल्या. लंडनबाहेर, दूरच्या शहरांत घरं बघा असं सुचवलं गेलं. त्या मुली गप्प बसल्या नाहीत. 'फोकस ई १५' नावाने त्यांनी आंदोलन उभं केलं, आणि २०१४ मध्ये ऑलिंपिक पार्कच्या अगदी जवळच्या कार्पेंटर्स वसाहतीतली रिकामी ठेवलेली घरं काही दिवस ताब्यात घेतली. सगळ्या देशात गाजलं ते. रिकामी घरं समोर, आणि घर नसलेल्या आया फुटपाथवर. ज्या भागाचं भलं करायला ऑलिंपिक आणलं, तिथलीच ही गोष्ट.

बेनच्या नातवाचं पुढे काय झालं? त्याने केबल टाकायचा कोर्स केला. एका ठेकेदाराकडे लागला. आणि गंमत म्हणजे त्याला काम मिळालं ते पार्कच्या परिसरातच. आता त्याचं लग्न झालंय. राहतो एसेक्समध्ये, रोज सव्वा तास प्रवास करून येतो. मी फोन केला होता मध्यंतरी. म्हणाला, 'काका, काम तिथे मिळालं, घर नाही मिळालं.'

माझ्या डोक्यात हे वाक्य अडकून बसलंय. आजचा हा भाग खरं तर त्याच्यामुळेच केला.

आणि स्टेडियम?

स्टेडियमबद्दल थोडक्यात. ८०,००० आसनांचं स्टेडियम नंतर लहान करून ॲथलेटिक्ससाठी ठेवायचं असा मूळ बेत. मग बेत बदलला, फुटबॉल हवं असं ठरलं. २०१६ मध्ये वेस्ट हॅम क्लब तिथे आला. पण धावपट्टीही ठेवायची आणि फुटबॉलही खेळायचा, म्हणून हलवता येणाऱ्या खुर्च्या. या रूपांतरावर ३२ कोटी ३० लाख पौंड गेले. क्लबचं मूळ वार्षिक भाडं ठरलं २५ लाख पौंड. खुर्च्या मागे-पुढे करायचा खर्चच अंदाजाच्या कितीतरी पट निघाला. शेवटी महापौर सादिक खान यांनी चौकशी लावली आणि स्टेडियमचा ताबा आपल्याकडे घेतला.

म्हणजे हिशेब बघा. ज्या इमारतीचे फोटो जगाने काढले तिच्यासाठी करदाता अजून पैसे मोजतोय. आणि ज्या डब्याला लोकांनी नावं ठेवली तिथे विद्यापीठं, स्टुडिओ, संग्रहालय नांदतंय. फरक कुठे पडला? डब्याच्या बाबतीत आधी ठरलं की आत जे आहे, वीज, केबल, जागा, ते कुणाच्या उपयोगाचं आहे. स्टेडियमच्या बाबतीत ते मधेच बदललं.

मग आपण काय विचारायचं?

मी नगररचनाकार नाही. केबलवाला माणूस. पण तिथे राहून, काम करून तीन प्रश्न शिकलो. उद्या आपल्याकडे कुणी 'स्पर्धेनंतरची टेक्नॉलॉजी सिटी' असं चकचकीत चित्र दाखवलं, तर ते विचारायचे.

पहिला: काय उरणार आणि काय काढून टाकणार, याची यादी आहे का? पायाचा दगड बसवायच्या आधीची यादी. नंतर केलेल्या यादीला फारसा अर्थ नसतो.

दुसरा: स्पर्धेनंतर कोण सांभाळणार? लंडनने त्यासाठी २०१२ मध्येच एक वेगळं महामंडळ केलं. बांधकामाच्या परवानग्यांचे अधिकार त्याच्याकडे बारा वर्षं होते, ते २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्थानिक कौन्सिलांना परत दिले. बारा वर्षं एकच धनी! आपल्याकडे आयोजन समिती बक्षीस समारंभानंतर विरघळते आणि किल्ल्या कुणाकडे आहेत हे कुणाला माहीत नसतं.

तिसरा, आणि माझ्या मते खरा: तिथे आज राहणारा एकोणीस वर्षांचा पोरगा दहा वर्षांनी त्या वसाहतीत कुठे असेल? फाटकाबाहेर, कामावर, की घरात? हे आकड्यांत आणि लेखी मागायचं. किती स्थानिकांना प्रशिक्षण, किती नोकऱ्या, किती घरं, आणि ती घरं कुणाच्या पगाराला परवडणारी: भागातल्या माणसाच्या, की बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याच्या?

कारण सर्व्हर कुठेही बसवता येतात हो. फायबर कुठेही ओढता येतं, ते माझंच काम आहे. पण त्याने फार तर ऑफिसं होतात. गाव व्हायला आधीची माणसं त्यात राहिलेली असावी लागतात. लंडनने पहिली गोष्ट उत्तम केली, जगाने शिकावी इतकी उत्तम. दुसरी त्यांना अर्धीच जमली. त्यांनी निदान शब्द दिला होता, म्हणून तो पाळला का असं तिथले लोक आजही विचारू शकतात. आपल्याकडे असा शब्द अजून कुणी दिलेला नाही. तो आधी घ्यायला हवा.

काल संध्याकाळी बालेवाडीच्या क्रीडानगरीबाहेर चक्कर मारली. आतून मुलं सरावाहून बाहेर पडत होती, खांद्यावर किट. समोरच्या टपरीवर लॅपटॉपच्या बॅगा लटकवलेली मंडळी चहा पीत होती. टपरीवाल्या मामांना विचारलं, 'मूळचे कुठले?' म्हणाले, 'इथलेच, म्हाळुंग्याचे. आता राहायला मुळशीकडे गेलो.' मी चहा संपवला आणि घरी येऊन हा भाग रेकॉर्ड करायला बसलो.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या गावाजवळ असं एखादं मैदान, क्रीडासंकुल असेल, स्पर्धेनंतर त्याचं काय झालं ते मला नक्की कळवा. चांगलं झालं असेल तर आवर्जून कळवा, तशी उदाहरणं हवी आहेत. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार!